आवर्तसारणी : पत्ता पाठ, ओळख नाही

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ या पुस्तकातील (आवृत्ती २०१८) दुसरा पाठ ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हा आहे. परीक्षेच्या दृष्टीने हा पाठ शिक्षकांचा लाडका, कारण त्यात गुण हमखास मिळतात. ‘२, ८, ७ असे इलेक्ट्रॉन संरूपण असलेल्या मूलद्रव्याचा गण व आवर्त सांगा’ असा प्रश्न आला, की बेताचा विद्यार्थीही बोटांवर मोजून उत्तर देतो. कवचे तीन, म्हणून आवर्त तिसरे. शेवटी सात, त्यात दहा मिळवा, म्हणून गण सतरावा. उत्तर अचूक, गुण पूर्ण. मग त्याच मुलाला विचारावे, “अरे, हे मूलद्रव्य तुझ्या गावात कुठे भेटते?” मुलगा गप्प. गावच्या विहिरीत ग्रामपंचायतीतर्फे जी टीसीएल पावडर टाकतात, तिच्या उग्र वासात त्याचे हे क्लोरीन लहानपणापासून त्याच्या नाकाशी आहे. त्याला क्लोरीनचा पत्ता ठाऊक आहे, ओळख मात्र नाही.

आम्ही धाराशिव जिल्ह्यातील (पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) शाळांमधून विज्ञान शिकवणारी काही मंडळी आहोत. हा पाठ, तो शिकवण्याची आपली पद्धत आणि त्यावर विचारले जाणारे प्रश्न यांच्याविषयी आमची एक तक्रार आहे. ती आज मांडण्याचे कारणही आहे. २०२३ साली आलेल्या एनसीईआरटीच्या दहावीच्या नव्या पुस्तकात आवर्ती वर्गीकरणाचा पाठ नव्हता. मुलांवरचा भार कमी करायचा आणि हा विषय अकरावीत आहेच, असे त्याचे समर्थन झाले. त्यावर देशभर चर्चा झाली. आमच्याकडची बहुसंख्य मुले दहावीनंतर विज्ञान शाखेकडे जात नाहीत. त्यांच्या दृष्टीने आवर्तसारणीची ही पहिली आणि शेवटची भेट. म्हणून हा पाठ राहावा असे आम्हाला मनापासून वाटते. पण तो जर नुसता घर क्रमांक शोधण्याचा खेळ असेल, तर तो गेल्याने मुलांचे नेमके काय बुडाले, हे सांगणे आम्हालाही कठीण जाईल.

पाठाला नावे ठेवण्याआधी त्याचे गुण सांगायला हवेत. पाठ इतिहासाने सुरू होतो, हे उत्तम. डोबेरायनरची त्रिके येतात, न्यूलँड्सची अष्टके येतात, मग मेंडेलीव्ह, मग मोस्ले. डोबेरायनरने १८२९ मध्ये दाखवले, की लिथियम (६.९) आणि पोटॅशियम (३९.१) यांच्या अणुवस्तुमानांची सरासरी काढली तर ती सोडियमच्या (२३.०) जवळ येते. न्यूलँड्सला आठव्या मूलद्रव्यात पहिल्याचे गुण पुन्हा दिसले. या ठिकाणी आमचे संगीतप्रेमी शिक्षक सारेगम म्हणून दाखवतात आणि वर्ग खूश होतो. एवढेच त्यांनी पुढे सांगावे, की त्या वेळी निऑनचा पत्ता नव्हता. लिथियमपासून मोजत गेले तर आज सोडियम आठवे नव्हे, नववे येते. सप्तक मोडले, तरी सोडियम आणि लिथियम यांचे नाते मोडले नाही. नाते पक्के होते, मोजणी कच्ची होती.

मेंडेलीव्हची खरी थोरवीही याच जातीची आहे. टेल्युरियमचे अणुवस्तुमान १२७.६ आणि आयोडीनचे १२६.९. वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने आयोडीन आधी यायला हवे. मेंडेलीव्हने टेल्युरियम आधी ठेवले, कारण आयोडीनचे वागणे क्लोरीन-ब्रोमीनसारखे होते. स्वतःच घातलेला नियम त्याने वागणुकीपुढे बाजूला सारला. अणुअंकाची कल्पना मोस्लेने १९१३ मध्ये पक्की केली तेव्हा टेल्युरियम ५२ आणि आयोडीन ५३ ठरले. मेंडेलीव्हने रिकाम्या ठेवलेल्या घरांचेही तेच. ‘एका-ॲल्युमिनियम’ची घनता ५.९ असेल असे त्याने १८७१ मध्ये लिहिले होते. (‘एका’ म्हणजे संस्कृतातले ‘एक’. मुलांना हे अवश्य सांगावे.) १८७५ मध्ये फ्रान्सच्या बुआबोद्राँने गॅलियम शोधले आणि घनता ४.७ सांगितली. मेंडेलीव्हने कळवले, पुन्हा मोजा. पुन्हा मोजल्यावर ती ५.९ भरली.

इथपर्यंत पाठ रसाळ आहे. पण मोस्ले आला, आधुनिक सारणी आली, की पाठाची भाषाच पालटते. आता सुरुवात इलेक्ट्रॉनपासून होते. बाह्यतम कवचात इतके इलेक्ट्रॉन, म्हणून गण अमुक. म्हणून संयुजा अमुक. म्हणून गुणधर्म अमुक. आतापर्यंत वागणुकीवरून नाते ओळखले जात होते, पुढे नाते आधी सांगून वागणूक नंतर सांगितली जाते. हॅलोजनांतील फ्लुओरीन-क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव, आयोडीन स्थायू अशी काही उदाहरणे पाठात आहेत, नाही असे नाही. पण बहुतेक कृती ‘सारणी पाहा आणि लिहा’ या प्रकारच्या. सारणी पाहून सारणीविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची, म्हणजे पंचांग पाहून तिथी सांगण्यासारखे झाले. आकाशाकडे पाहण्याची गरजच उरत नाही.

यात शब्दांचाही थोडा घोटाळा आहे. आमच्या मुलांना ‘गण’ म्हटले की पंचायत समितीचा गण आठवतो. नकाशावर रेघ मारायची, रेघेच्या आत आले ते त्या गणात. आजीला विचारले तर ती लग्नपत्रिकेतला देवगण, राक्षसगण सांगेल. गंमत अशी, की आवर्तसारणीच्या दृष्टीने आजीचा अर्थच अधिक जवळचा आहे. तिथे गण म्हणजे स्वभाव. ‘आवर्त’ हा शब्द तर इंग्रजी शब्दाहून सरस आहे असे आमचे मत आहे. कालव्याला पाण्याचे आवर्तन सुटते, तबल्यावर तालाचे आवर्तन पूर्ण होते. फेरा पुरा करून पुन्हा पहिल्या जागी येणे, हा अर्थ मराठी मुलाला फुकट मिळालेला आहे. तरी आपण वर्गात सांगतो काय, तर ‘उभे ते गण, आडवे ते आवर्त’. मग मुलाच्या मनात दोन्ही सारख्याच रेघा होतात, एक उभी, एक आडवी. वास्तविक उभ्या वाटेने गेले तर स्वभाव टिकतो आणि त्याची तीव्रता तेवढी बदलते. आडव्या वाटेने गेले तर स्वभावच पायरीपायरीने पालटत जातो आणि फेरा संपला की पुन्हा मूळ स्वभाव येतो. या दोन वाटांतला फरक हाताला जाणवला पाहिजे.

‘शेवटच्या कवचातील इलेक्ट्रॉन मोजा म्हणजे गण कळतो’ हा नियम किती जपून वापरावा लागतो, ते तुळजापूरच्या बाजारात कळते. तिथे तांब्याची भांडी, चांदीची जोडवी, सोन्याचे मणी शेजारशेजारच्या दुकानांत मांडलेले असतात. तांब्याचे संरूपण २, ८, १८, १. चांदीचे आणि सोन्याचेही शेवटच्या कवचात इलेक्ट्रॉन एकच. मुलांच्या नियमाने हे तिन्ही पहिल्या गणात, म्हणजे सोडियमचे सख्खे भाऊ ठरावेत. सोडियम पाण्यात पडताच सळसळत पेटू पाहतो. सोने शेकडो वर्षे अंगावर घातले तरी तसेच राहते. अर्थात तांबे, चांदी, सोने अकराव्या गणात आहेत आणि त्यांची जवळीक त्यांच्या वागणुकीतून स्पष्ट दिसते. जगभर नाणी पाडायला हेच तीन धातू का निवडले गेले, याचे निम्मे उत्तर या एका स्तंभात आहे. इलेक्ट्रॉनांची संख्या हे नात्याचे कारण समजावून सांगते हे खरे. पण नुसता आकडा पुरत नाही. आतले कवच कसे भरले आहे तेही पाहावे लागते. दहावीत एवढ्या खोलात जायचे नसेल तर जाऊ नये. पण मग त्या आकड्याला पाठाचा राजा तरी करू नये.

मग करावे काय? आमच्या शाळांतून प्रयोगशाळा म्हणजे बहुधा एक कुलूपबंद कपाट. सोडियम-पोटॅशियम हाताळणे धोक्याचे, आणि ते मिळतही नाहीत. पण मूलद्रव्याचा स्वभाव त्याच्या क्षारांतही पुरेसा उतरलेला असतो. पुढे सांगितलेला प्रयोग चार बाटल्यांचा आहे आणि त्याला लागणारे सगळे सामान किराणा दुकानात व कृषी सेवा केंद्रात मिळते.

बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी किंवा स्वच्छ धरलेले पावसाचे पाणी घ्यावे. चार बाटल्यांत ते समान ओतावे. पहिलीत चिमूटभर बारीक मीठ (सोडियम), दुसरीत तेवढेच म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम), तिसरीत मॅग्नेशियम सल्फेट आणि चौथीत कॅल्शियम नायट्रेट. द्राक्षवाल्या शेतकऱ्याच्या घरी शेवटच्या दोन पिशव्या असतातच. पोटॅश तांबडे असेल तर लोहाच्या ऑक्साइडमुळे गढूळ दिसेल. पाणी गाळून घ्यावे. जाडे मीठ घेऊ नये. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, पावसाळ्यात ते ओले होते ते त्यांच्यामुळेच. आता अंघोळीच्या साबणाचा कीस शुद्ध पाण्यात विरघळवून त्याचे सारखे थेंब चारही बाटल्यांत टाकावेत आणि झाकण लावून हलवावे. डिटर्जंट पावडर चालणार नाही, कारण ती क्षारयुक्त पाण्यातही फेसाळते.

मीठ आणि पोटॅश यांच्या बाटल्यांत फेस टिकतो. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्या बाटल्यांत फेसाऐवजी दह्यासारखे पांढरे कण येतात. हा साका मुलांच्या परिचयाचा असतो. उन्हाळ्यात खोल बोअरचे पाणी प्यायला आणि धुण्याला वापरावे लागणाऱ्या या जिल्ह्यात तो बादलीच्या कडेला रोज बसतो. मग दुसरी चाचणी. चारही क्षारांची नवी द्रावणे घेऊन त्यांत धुण्याच्या सोड्याचे द्रावण घालावे. पुन्हा तीच विभागणी: दोन बाटल्या स्वच्छ, दोन पांढऱ्या.

आता फळ्यावर चारच घरे काढावीत. वरच्या ओळीत सोडियम, मॅग्नेशियम. त्यांच्या खाली पोटॅशियम, कॅल्शियम. आणि त्यांची अणुवस्तुमाने लिहावीत: २३.०, २४.३, खाली ३९.१, ४०.१. मग मुलांना नुसते पाहू द्यावे. सोडियम आणि मॅग्नेशियम यांच्या वस्तुमानांत जेमतेम सव्वाचा फरक, तरी वागणूक वेगळी. सोडियम आणि पोटॅशियम यांच्यात सोळांचा फरक, तरी वागणूक एक. वजनाने शेजारी ते स्वभावाने परके आणि वजनाने लांबचे ते सख्खे! मेंडेलीव्हला १८६९ मध्ये जे कोडे पडले होते तेच हे, फक्त चार घरांपुरते. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अठ्ठावीस वर्षे अवकाश होता. ज्या वर्गाला हे कोडे पडले, त्या वर्गाला २, ८, १ आणि २, ८, २ ही संरूपणे उत्तर म्हणून भेटतात. एरवी ती पाठ करायचे आकडे असतात.

साबणाचेच उदाहरण आणखी थोडे ताणता येते. साबण हा मुळात तेलातल्या आम्लांचा सोडियम क्षार. सोडियमच्या जागी खालचे पोटॅशियम आले तर साबण साबणच राहतो, फक्त मऊ होतो. पातळ साबण कॉस्टिक पोटॅशपासून करतात तो याचमुळे. पण सोडियमच्या जागी उजवीकडचे मॅग्नेशियम आले की साबण पाण्यात विरघळेनासा होतो. एक घर खाली गेले तर तोच पदार्थ थोडा निराळा. एक घर उजवीकडे गेले तर कामच थांबले. गण आणि आवर्त यांतला फरक याहून सोप्या भाषेत आम्हाला तरी सांगता येणार नाही.

गणातले सगळे अगदी सारखे असतात असेही मुलांना वाटू देऊ नये. ठिबकवाले शेतकरी एक पथ्य पाळतात: कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटयुक्त खत एकाच टाकीत कालवायचे नाही, नाहीतर नळ्या चोंदतात. तिसऱ्या व चौथ्या बाटलीतील पदार्थांची घट्ट द्रावणे एकत्र केली की पांढरा साका बसतो, तो कॅल्शियम सल्फेटचा, म्हणजे जिप्समचा. मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात भरपूर विरघळते, कॅल्शियम सल्फेट फारच थोडे, आणि आणखी खाली बेरियम सल्फेट जवळजवळ नाहीच. इतके नाही, की पोटाचा क्ष-किरण फोटो काढताना ते रुग्णाला पाजतात आणि विषारी बेरियम अंगाला न लागता तसेच बाहेर पडते. एकच घराणे, पण पायरीगणिक उतरण. पुस्तकातले ‘आवर्ती कल’ म्हणजे हीच उतरण. बाणांच्या आकृत्यांत ती हरवते.

आता आडवी वाट. तिसरे आवर्त घ्यावे, कारण ते शेतकऱ्याच्या घरात जवळजवळ सबंध सापडते. सोडियम मिठात. मॅग्नेशियम खतात. ॲल्युमिनियम पातेल्यात. सिलिकॉन वाळूत आणि काळ्या मातीत. फॉस्फरस डीएपीमध्ये. गंधक द्राक्षावर धुरळायच्या भुकटीत. क्लोरीन टीसीएलमध्ये. आणि शेवटचे आरगॉन जुन्या तारेच्या दिव्यात किंवा वेल्डिंगच्या दुकानातल्या नळकांड्यात. आठही वस्तू टेबलावर ओळीने मांडल्या तर तक्त्याची एक ओळ जिवंत होते. (टीसीएलची बाटली झाकलेलीच ठेवावी.)

ओळ मांडून झाली की स्वभाव कसा पालटतो ते दाखवावे. त्यासाठी हळदीचा कागद पुरतो. अल्क लागला की हळद लाल होते. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या कृतीत हेच रसायन आहे, आणि आई भवानीच्या गावाजवळच्या मुलांना कुंकवाविषयी वेगळे सांगायला नको. धुण्याच्या सोड्याने हळद लालभडक होते. मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड, म्हणजे पित्तावर घेतात ते पांढरे औषध, तिला जरा फिकी लाल करते. ॲल्युमिनियम दोन्हीकडचा: त्याच्या पातेल्याला आंबट कढीही खाते आणि सोडाही. वाळू स्वतः आम्ल वाटत नाही, पण सोड्याबरोबर वितळवली की तिची काच होते. ओळीच्या डाव्या टोकाचा अल्क आणि मधले सौम्य आम्ल यांचा तो संयोग. तेरला प्राचीन वस्तीत काचमणी सापडले आहेत, ते याच संयोगाचे नमुने. फॉस्फरसचे आम्ल तर ठिबकच्या नळ्यांतला चुनखडीचा थर धुवायला वापरतात. गंधक जाळून निघालेला वायू ओल्या निळ्या लिटमसला लाल करतो (हा भाग शिक्षकाने स्वतः, मोकळ्यावर आणि अगदी चिमूटभर गंधक घेऊन करावा). क्लोरीनचे आम्ल म्हणजे संडास धुवायचे ॲसिड, ते सर्वांच्या परिचयाचे. मात्र पहिल्या सहांत आपण ऑक्साइडांपासून बनणारे पदार्थ पाहिले आणि हे हायड्रोजनबरोबरचे आम्ल आहे, एवढा फरक सांगून टाकावा. अल्कापासून आम्लापर्यंत असा हा प्रवास आहे. आरगॉनशी तो थबकतो, कारण आरगॉन कशाशीच संबंध ठेवत नाही. पुढचे घर पोटॅशियमचे, म्हणजे पुन्हा अल्क. आवर्तन पुरे झाले.

भिंतीवरच्या तक्त्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. मुलांना विचारून पाहावे, सहाव्या आवर्तात मूलद्रव्ये किती? बहुतेक जण तक्ता पाहून अठरा सांगतात. तळाशी वेगळ्या काढलेल्या दोन ओळी त्यांना परिशिष्टासारख्या वाटतात. आवर्तांची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी आहे आणि बेरीज ११८. ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना २०१६ मध्ये नावे मिळाली, तेव्हा सातवी ओळ पूर्ण झाली. त्या दोन ओळी खाली काढल्या आहेत त्या कागदाच्या रुंदीसाठी. चार कागद जोडून लांबलचक तक्ता एकदा मुलांकडूनच करवून घ्यावा. आणि ज्या तक्त्यांवर अजून आय-ए, आय-आय-ए असे जुने गणक्रमांक आहेत ते उतरवून ठेवावेत. १ ते १८ ही पद्धत आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८८ मध्येच सुचवली आहे.

राहता राहिला हेलियम. याच्याइतका चांगला परीक्षक दुसरा नाही. हेलियमचे इलेक्ट्रॉन दोन, दोन्ही बाह्यतम कवचात. नियमाने त्याची जागा बेरिलियमच्या डोक्यावर, दुसऱ्या गणात. तक्त्यात मात्र तो अगदी उजवीकडे निऑनवर बसलेला. ‘कवच पूर्ण भरले म्हणून’ असे उत्तर आपण देतो, आणि ते बरोबरही आहे. पण ज्यांनी त्याला तिथे बसवले त्यांना कवचे ठाऊक नव्हती. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात आणि त्यानंतरच्या महिन्यांत सूर्यप्रकाशात एक पिवळी रेषा दिसली, ती सोडियमच्या रेषांच्या अगदी जवळची पण त्यांच्याहून वेगळी. (लॉकयर यांनी हे निरीक्षण विजयदुर्गावरून केले असे आपल्याकडे भाषणांतून सांगतात. ते खरे नाही. १८६८ मध्ये जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकयर इंग्लंडमध्ये. लॉकयर विजयदुर्गाला आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.) नाव मिळाले, पण तक्त्यात घर मिळाले नाही, कारण रेषेवरून स्वभाव कळत नव्हता. १८९५ मध्ये रॅम्झीने युरेनियमच्या एका खनिजातून हेलियम नळीत पकडला, तो कशाशीही संयोग पावत नाही हे पाहिले, आणि आदल्याच वर्षी सापडलेल्या आरगॉनसाठी व याच्यासाठी मिळून एक नवा स्तंभच काढावा लागला. मेंडेलीव्हला तर आरगॉन हे नवे मूलद्रव्य आहे हेच प्रथम पटले नव्हते.

या स्तंभाचा स्वभाव आमच्या भागाने एका फार वाईट प्रसंगी पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आमच्याकडील सास्तूर व लोहारा-उमरग्याकडची गावे उद्ध्वस्त झाली, सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारीजवळच्या शेतांत जमीन फाटली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील राव, रेड्डी, राव व गोपालन यांनी त्या भेगेच्या परिसरात मातीच्या कणांमधली हवा काढून तिच्यातला हेलियम मोजला. आपल्या नेहमीच्या हवेत हेलियम दहा लाख भागांत पाचच भाग असतो. भेगेवर तो असाधारण जास्त आढळला. १९९४ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हा हेलियम आला कुठून? युरेनियम आणि थोरियम यांचे अणू फुटताना जे अल्फा कण बाहेर पडतात, ती हेलियमचीच केंद्रके. एक युरेनियम-२३८ चा अणू शिसे होईपर्यंत असे आठ कण सोडतो. आमचा काळा पाषाण या दोन धातूंत गरीब आहे. त्याच्या खालच्या ग्रॅनाइटात ते कितीतरी अधिक. किल्लारीला पुढे खोदलेल्या विंधन छिद्रात काळा पाषाण सुमारे ३३८ मीटर निघाला, आणि गाळाच्या एका पातळ थराखाली ग्रॅनाइट लागला. तक्त्याच्या अगदी तळाच्या ओळीतले, आपण परिशिष्ट समजतो ते युरेनियम-थोरियम, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या हेलियमला अशा रीतीने जन्म देत असतात. तो लहान आहे, कारण पहिल्या आवर्तातला. तो कोणत्याही खनिजाशी बांधला जात नाही, कारण अठराव्या गणातला. वाट मिळाली की तो वर येतो. हेलियमचे घर बेरिलियमवर हवे की निऑनवर, असा वाद वर्गात लावून द्यावा आणि मग ही हकिकत सांगावी.

याच स्तंभाच्या खालच्या बाजूला रेडॉन आहे. भूकंपप्रवण भागांत जगभर मातीतला रेडॉनही मोजतात. (त्यावरून भूकंपाचे भाकीत करण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, भरवशाचे भाकीत कोणाला साधलेले नाही. गावात कोणी तसा दावा केला तर शिक्षकांनी हे सांगावे.) रेडॉनचा बाप रेडियम. तो दुसऱ्या गणात, कॅल्शियम-बेरियमच्या खाली, म्हणजे आपल्या चौथ्या बाटलीच्या घराण्यातला. म्हणूनच तो शरीरात गेला तर कॅल्शियमसारखा हाडांत जाऊन बसतो, आणि खडकात असला तर खनिजात बांधलेला राहतो. रेडियमचा अणुअंक ८८. एक अल्फा कण बाहेर पडला की अणुअंक दोनने उतरतो आणि ८६ होतो. तक्त्यावर बोट ठेवून दोन घरे मागे यावे: ८८ वरून ८७, तिथे सातव्या ओळीचे डावे टोक संपते, आणखी एक घर, की आपण थेट सहाव्या ओळीच्या उजव्या टोकाला. बांधलेला धातू त्या क्षणी मोकळा वायू होतो आणि मातीतून हिंडू लागतो. त्याला फार वेळ मिळत नाही. पावणेचार-चार दिवसांत निम्मे अणू पुन्हा दोन घरे मागे सरकतात आणि ८४ वर, सोळाव्या गणात, पोलोनियम होऊन धुळीच्या कणाला चिकटतात.